गेम तयार नाही, जमीन मात्र विकायला काढलीय

पत्र: मी २४ वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी प्रोग्रामर आहे. हातात पगार २२ हजार येतो. आम्ही चार मित्र रात्री एकत्र गेम खेळतो. सध्या तीन गोष्टींवरून आमचा वाद चाललाय. पहिली, एका परदेशी स्टुडिओचा एमएमओ, म्हणजे हजारो जण एकाच ऑनलाइन जगात खेळतात तसला गेम. त्यांच्या साइटवर गेम तयार व्हायच्या आधीच घ्यायचा २४० डॉलरचा फाउंडर पॅक आहे. त्यात अल्फा टेस्टला (अर्धवट गेमच्या चाचणीला) प्रवेश, आयुष्यभराचं सबस्क्रिप्शन आणि गेममधली जमीन मिळते. मित्र म्हणतो, जमिनीचं क्रिप्टो टोकन निघणार, पुढे दुप्पट भावाने विकू. त्याने सहा दिवसांपूर्वी ५० डॉलरचा छोटा पॅक घेतलाही. दुसरी, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर एका को-ऑप (मित्रांनी मिळून एका बाजूने खेळायच्या) गेमची मोहीम नऊ दिवसांत संपतेय, ३५ डॉलर. तिसरी, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसमधला (पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला) सर्व्हायव्हल गेम, ८८० रुपये, पण पाच महिने अपडेट नाही. लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. पैसे भरायला बँकेचं कार्ड वडिलांचं वापरणार आहे. काय करू?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. २४० डॉलरचा पॅक घेऊ नका. ८८० रुपयांचा गेम घ्या, पण दोन तासांच्या आत परत करायची तयारी ठेवून. किकस्टार्टरचं आज काहीच ठरवू नका. तिथे थांबायला पैसे पडत नाहीत, आणि नऊ दिवसांत बरंच काही तपासून होतं.

तिन्ही ठिकाणी पैसे भरायचं बटण सारखंच दिसतं, व्यवहार मात्र तीन जातींचे आहेत. स्टीमवर आज जे चालतंय ते तुम्ही विकत घेता, आणि मध्ये परतावा देणारं दुकान उभं असतं. किकस्टार्टर आपण दुकान नाही असं स्वतःच सांगतं. तिथे तुम्ही एखाद्याच्या प्रयत्नाला पैसे लावता आणि तो जमला तर गेम मिळतो. स्टुडिओच्या स्वतःच्या साइटवरचा फाउंडर पॅक या दोन्हींपेक्षा कच्चा, कारण तिथे मध्ये कुणीच नाही. नियम त्यांचे, परतावा त्यांच्या मर्जीवर. तासगावकडे ऑक्टोबर छाटणीच्या दिवशीच द्राक्षबागेचे सगळे पैसे रोख मोजले आणि पुढे घडच निघाले नाहीत, तर जी अवस्था होईल तीच इथे होते. फरक इतकाच की इथे बाग बघायला बांधावर जाता येत नाही.

आता त्या पॅकचा हिशेब मांडू. डॉलर ९० रुपयांना धरला तर २४० डॉलर म्हणजे २१,६०० रुपये. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी ७५६ रुपये, त्यावर १३६. एकूण २२,४९२. म्हणजे तुमचा महिन्याचा पगार, वर पाचशेची नोट. पुढे कधी पैसे परत मिळालेच, तर ते त्या दिवशीच्या दराने येतात आणि मार्कअप सहसा परत येत नाही.

या रकमेत तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्यातली अल्फा टेस्ट ही खरं तर तुम्ही त्यांच्यासाठी करायची मजुरी. सर्व्हर बहुतेकदा आठवड्यातून दोन-तीन दिवस, तेही अमेरिकेच्या संध्याकाळी चालू, म्हणजे आपल्याकडे पहाटे. दर मोठ्या बदलानंतर कॅरेक्टर पुसलं जातं, त्याला वाइप म्हणतात. अल्फात कमावलेलं बहुधा काहीच पुढे जात नाही. ज्याला बग शोधून रिपोर्ट लिहायची हौस आहे त्याने जरूर जावं. रात्री नऊ ते अकरा गंमत म्हणून खेळणाऱ्या चौघांसाठी ते नाही.

आयुष्यभराचं सबस्क्रिप्शन हे आयुष्य कुणाचं, हा प्रश्न आहे. सर्व्हरचं. ‘क्रोफॉल’ हा एमएमओ २०१५ मध्ये किकस्टार्टरवर आला, १७ लाख डॉलरच्या वर जमले. सहा वर्षं काम चाललं, जुलै २०२१ मध्ये गेम खरोखर बाहेर पडला. म्हणजे फसवणूक वगैरे काही नाही, दिलेला शब्द उशिरा का होईना पाळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद झाले. जेमतेम सोळा महिने. ऑनलाइन गेममध्ये ‘मिळाला’ याच्या पुढेही एक धोका असतो, तो हा. एकट्याने खेळायचा गेम एकदा हार्ड डिस्कवर आला की तुमचा. एमएमओला मात्र दर महिन्याला सर्व्हरचं भाडं, चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर, तक्रारी घेणारी माणसं असा खर्च चालू राहतो. लाइफटाइम पॅक घेतलेले सगळेजण पैसे आधीच देऊन बसलेले असतात, त्यांच्याकडून नवा रुपया येत नाही. जितके लाइफटाइम पॅक जास्त विकले, तितका पुढचा महिना चालवणं अवघड.

आणि जमीन. ‘क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया’ने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर ९ लाख डॉलर मागितले, साडेतेरा लाखांच्या आसपास मिळाले. मग स्वतःच्या साइटवर राजा, ड्यूक अशा पदव्यांची पॅकेजं आणि त्यांच्याबरोबरची जमीन विकत राहिले. मार्च २०२० मध्ये स्टुडिओने पैसे संपल्याचं जाहीर करून सगळ्यांना घरी पाठवलं. ज्यांनी राज्यं घेतली होती, त्यांच्याकडे नकाशा होता, जग नव्हतं. ‘स्टार सिटिझन’चं उदाहरण वेगळ्या टोकाचं. किकस्टार्टर २०१२ चं, गेम द्यायची अंदाजी तारीख नोव्हेंबर २०१४. लोकांनी दिलेला पैसा २०२२ मध्येच ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला, अल्फा खेळता येतो, बरेच लोक आवडीने खेळतातही, पण पूर्ण झालेला गेम त्या तारखेनंतर कित्येक वर्षं उलटली तरी बाहेर आला नाही. पैसा कमी पडला म्हणून गेम अडतो आणि पैसा भरपूर आला म्हणूनही अडतो. गेममधली जहाजं विकून पगार भागत असतील, तर गेम संपवायची घाई कुणाला?

टोकनचं स्वप्न दाखवणाऱ्या मित्राला दोन कागद वाचायला लावा. एक, त्या स्टुडिओच्या अटी. जवळजवळ प्रत्येक गेमच्या अटींत असतं की गेममधल्या वस्तू तुमच्या मालकीच्या होत नाहीत, वापरायची परवानगी मिळते, ती ते केव्हाही काढून घेऊ शकतात. दोन, आपला कर. क्रिप्टो टोकन विकून झालेल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. एका टोकनातला तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही. शिवाय पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंदी आली. आपला गेम त्या व्याख्येत सापडतो का, याची चौकशी परदेशातला स्टुडिओ तुमच्यासाठी करत बसणार नाही. गेमचा पहिला फायदा ‘पुढे विकता येईल’ असा सांगितला जात असेल, तर तो खेळायला कसा आहे हे विचारायचं राहूनच जातं.

असे एमएमओ अडकतात कुठे, हे कळलं तर पुढच्या वेळी जाहिरात बघतानाच अंदाज येईल. गावातल्या एका चौकात २० खेळाडू उभे आहेत. प्रत्येकाची हालचाल सर्व्हरने उरलेल्या १९ जणांना कळवायची, म्हणजे एका फेरीत ३८० निरोप. तेच २०० खेळाडू झाले की ३९,८००. माणसं दहापट, काम शंभरपट. आणि अशा फेऱ्या सेकंदाला दहा, वीस, तीस. म्हणून वीस जणांच्या व्हिडिओत झकास दिसणारा किल्ल्याचा वेढा दोनशे जणांत स्लाइड शो होतो. मग नेटवर्कचं काम मुळापासून परत करावं लागतं, त्यात दीड-दोन वर्षं जातात. चित्रं आणि जमिनी आधी तयार होतात कारण त्या सोप्या आणि विकाऊ; हे काम मागे राहतं कारण ते दिसत नाही. स्टुडिओच्या डिस्कॉर्डवर (त्यांच्या चॅट ग्रुपवर) एकच प्रश्न टाका: शेवटच्या टेस्टमध्ये एका सर्व्हरवर एका वेळी किती जण होते आणि टिक रेट (सेकंदाला फेऱ्या) किती होता? आकडा आला तर स्टुडिओ कामात आहे. ‘हजारो खेळाडूंचं जग हे आमचं ध्येय आहे’ असं उत्तर आलं तर तुमचे बावीस हजार वाचले. त्यांचं नोकरभरतीचं पानही बघा. तीन वर्षं झाल्यावर अजून ‘बॅकएंड लीड (सर्व्हरच्या कामाचा प्रमुख) हवा’ अशी जाहिरात असेल तर सर्व्हर कुणी लिहिलेलाच नाही.

पैशांचाही ढोबळ हिशेब करता येतो. अमेरिकेतल्या स्टुडिओत पगार, जागा, विमा, सॉफ्टवेअर धरून माणशी महिना १० हजार डॉलर हा आकडा धंद्यातली माणसं वापरतात. पूर्व युरोपात किंवा आपल्याकडे तो बराच खाली येतो. २५ जणांचा स्टुडिओ म्हणजे महिन्याला अडीच लाख डॉलर. त्यांनी १२ लाख जमवले असतील तर पाच महिन्यांचा पगार झाला. बाकीची चार वर्षं कोण सांभाळणार? गुंतवणूकदार असेल तर त्याचं नाव सांगायला हरकत नसते. नाव नसेल, तर उत्तर ‘पुढचे फाउंडर पॅक’ असंच असतं.

हाच हिशेब आता किकस्टार्टरच्या को-ऑप गेमला लावा. मोहिमेच्या पानावर टीम किती जणांची लिहिलीय ते बघा. समजा सहा जण, गेम दीड वर्षात देणार. सहा गुणिले अठरा, १०८ माणूस-महिने. स्वस्त देशातला स्टुडिओ म्हणून माणशी ४ हजार डॉलर धरा, तरी ४ लाख ३२ हजार. मागितले आहेत किती? ६० हजार असतील तर त्यातून किकस्टार्टरचे ५ टक्के आणि पेमेंटचे आणखी ३ ते ५ टक्के जाऊन साधारण ५५ हजार हातात येतात. याचा अर्थ ते खोटं बोलतायत असा लगेच काढू नका. पुष्कळदा बाकीचे पैसे प्रकाशकाकडून किंवा स्वतःच्या बचतीतून आलेले असतात आणि मोहीम ही जाहिरात म्हणून असते. पण तसं पानावर लिहिलेलं हवं. ‘जोखमी आणि आव्हानं’ हा रकाना प्रत्येक मोहिमेत असतो, तो आधी वाचा. तिथे ‘आमची टीम अनुभवी आहे, आम्ही सगळं वेळेत करू’ इतकंच असेल तर त्यांनी जोखीम लिहिलीच नाही. ‘आमच्याकडे नेटवर्कचा एकच माणूस आहे, तो गेला तर सहा महिने उशीर होईल’ असं लिहिणाऱ्यावर भरवसा ठेवावा.

मोठी नावं असूनही अंदाज चुकतात, हे ‘ब्रोकन एज’ या गेमने दाखवलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांच्या वर मिळाले, आणि पैसे जास्त आले म्हणून गेमही मोठा केला. शेवटी तेही पुरेनात; मग पहिला भाग जानेवारी २०१४ ला विकायला काढून त्यावर दुसरा पूर्ण केला, एप्रिल २०१५ मध्ये. स्ट्रेच गोल, म्हणजे जास्त जमले तर जास्त देऊ हा वायदा, त्याच दुखण्याचा दुसरा प्रकार. ‘शव्हल नाइट’ने २०१३ च्या मोहिमेत ‘इतके जमले तर आणखी पात्रांच्या मोहिमा देऊ’ असं कबूल केलं. गेम पुढच्या वर्षी आला, छानच आला, पण कबूल केलेलं शेवटचं प्रकरण २०१९ च्या डिसेंबरात पूर्ण झालं. त्यांनी शब्द पाळला कारण मूळ गेम खपला. नसता खपला तर? तुमच्या मोहिमेत ‘५ लाख झाले तर कन्सोल, ६ लाख झाले तर पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू)’ अशी शिडी लावलेली असेल, तर प्रत्येक पायरी म्हणजे तारीख पुढे. विशेषतः को-ऑप गेमला मागून पीव्हीपी चिकटवायचं म्हणजे बॅलन्स आणि चीटिंग दोन्ही नव्याने.

सगळ्यात पक्की खूण एकच: आज खेळता येणारा डेमो. ‘अंडरटेल’ने २०१३ मध्ये फक्त ५ हजार डॉलर मागितले, मोहिमेआधीच डेमो लोकांच्या हातात होता, ५१ हजार जमले, २०१५ मध्ये गेम आला. लहान मागणी, एक माणूस, खेळून बघायला तुकडा. ‘लारियन’ स्टुडिओने २०१३ मध्ये ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’साठी किकस्टार्टर केलं तेव्हा त्यांच्यामागे आधीचे पूर्ण केलेले गेम होते. पुढच्याच वर्षी गेम बाहेर आला. तुमच्या मोहिमेत डेमो असेल तर आज रात्री चौघांनी खेळा. नसेल, फक्त सिनेमासारखा व्हिडिओ असेल, तर त्यातला किती भाग खरा गेमप्ले आहे हे घड्याळ लावून मोजा. कोपऱ्यात लाइफ बार, बटणं, एखादा अडखळलेला फ्रेम दिसतोय तोच खरा.

थांबल्याने काही बिघडत नाही, ते असं. किकस्टार्टरवर मोहीम यशस्वी झाली तरच, आणि संपल्यावरच, कार्डातून पैसे जातात. उद्दिष्ट गाठलं नाही तर एक पैसाही जात नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’ची २०१७ ची मोहीम अशीच अपुरी पडली, लोकांचे पैसे कापलेच गेले नाहीत, आणि गेम २०२० मध्ये दुसऱ्या मार्गाने बाहेर आला. तेव्हा पानावर ‘रिमाइंड मी’ दाबून ठेवा, संपायच्या ४८ तास आधी मेल येतो. तोवर त्यांचे अपडेट आणि कॉमेंट वाचा. आधी केलेली मोहीम असेल तर तिची कॉमेंट वाचा, तीच जास्त बोलकी असते. प्लेज (पैसे द्यायचं कबूल) केल्यावरही मोहीम संपेपर्यंत रद्द करता येतो, मात्र शेवटच्या २४ तासांत तुमच्या रद्द करण्याने उद्दिष्ट तुटत असेल तर येत नाही. आणि दुसऱ्या एखाद्या साइटवर फ्लेक्सिबल पद्धतीची मोहीम असेल तर हा नियम विसरा, तिथे उद्दिष्टाच्या निम्मेच जमले तरी ते पैसे त्यांचे. निम्म्या पैशात होणारा गेम नसतो.

तपासून समाधान झालं तर ३५ डॉलर द्यायला हरकत नाही. मार्कअप धरून ३,२८० रुपये. पण वहीत ते देणगीच्या रकान्यात लिहा. यात शेअर मिळत नाही, नफ्यात वाटा नाही. ऑक्युलसच्या हेडसेटला २०१२ मध्ये किकस्टार्टरवर २४ लाख डॉलर मिळाले, २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, सुरुवातीला पैसे देणाऱ्यांना त्यातला वाटा मिळाला नाही, आणि मिळायचाही नव्हता. मूळ प्रतीचा सगळ्यात लहान टियर (पैशांची पायरी) घ्या. टी-शर्ट, आर्टबुकचा टियर परदेशातून मागवाल तर शिपिंग वेगळं, कस्टम वेगळं, आणि तेच पार्सल स्टुडिओचंही बजेट खातं.

आता ८८० चा गेम. अर्ली अ‍ॅक्सेस स्टीमवर २०१३ पासून आहे आणि तिथे प्रत्येक गेमच्या पानावर निळ्या चौकटीत प्रश्नोत्तरं असतात: अर्ली अ‍ॅक्सेस का, किती काळ, पूर्ण गेम वेगळा कसा असेल, आज काय अवस्था आहे, किंमत वाढणार का. ‘आज काय अवस्था आहे’ हे उत्तर तुमच्या कामाचं. तेवढ्यावर ८८० रुपये वसूल वाटतात का? पूर्ण गेम कसा असेल ते वाचून विकत घेऊ नका. काही स्टुडिओंना गेम पूर्ण करता येणार नाही, हे स्टीमनेही तिथेच लिहून ठेवलंय.

पाच महिने अपडेट नाही, याने मात्र लगेच बिचकू नका. लहान टीम मोठा बदल करताना चार-सहा महिने गप्प असते. स्टीमडीबीच्या साइटवर तो गेम उघडा, तिथे जाहीर न झालेल्या टेस्ट ब्रँचची (चाचणीच्या आवृत्तीची) हालचालही अनेकदा तारखेसकट दिसते. मागच्या आठवड्यात तिथे हालचाल असेल तर काम चालू आहे. तिथेही पाच महिने शुकशुकाट आणि वर स्टीमवर दर सेलला ६०-७० टक्के सूट, ही जोडी वाईट. मग रिव्ह्यूमध्ये ‘अलीकडचे’ निवडा, आणि त्यातही ज्यांचे खेळायचे तास ५० च्या वर आहेत त्यांचे वाचा. मोठा प्रकाशक पाठीशी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, पुढच्या वर्षी स्टुडिओच बंद झाला, गेम अर्धा राहिला. ‘द डे बिफोर’ने तर डिसेंबर २०२३ मध्ये चार दिवसांत गाशा गुंडाळला. तिथे स्टीमने सगळ्यांना पैसे परत दिले, पण तो अपवाद होता. दुसऱ्या बाजूला ‘हेडीस’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ अर्ली अ‍ॅक्सेसमधूनच पूर्ण झाले, दोन-तीन वर्षं लागली इतकंच.

तुमच्यासाठी खरा प्रश्न हा की सर्व्हर कुणाचा. सर्व्हायव्हल गेममध्ये मित्राला होस्ट करता (गेम आपल्याच मशीनवरून चालवता) येत असेल किंवा स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय असेल, ‘व्हॅलहाइम’सारखी, तर उद्या स्टुडिओ बुडाला तरी तुमचं जग तुमच्या लॅपटॉपवर राहतं. पानावर ‘ऑनलाइन को-ऑप’ लिहिलेलं असतं, पण होस्ट कोण ते नसतं. चर्चेच्या विभागात शोधा. एक अडचण आधीच सांगतो: घरच्या फायबरला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचायचा पत्ता) नसतो, त्यामुळे थेट आयपी टाकून जोडायचा गेम चालत नाही. स्टीमच्या मित्रयादीतून आमंत्रण देणारा गेम चालतो. सर्व्हर स्टुडिओचाच असेल तर तो कुठे आहे ते विचारा. सांगलीतून मुंबईचा पिंग (निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) साधारण २० ते ४० मिलिसेकंद, सिंगापूर ७० ते १००, युरोप दीडशेच्या आसपास, अमेरिका २०० च्या बराच वर. झाडं तोडायला दीडशे चालतो, तलवारबाजीला नाही.

दोन तास कसे वापरायचे ते नीट ठरवा. स्टीमचा नियम: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत, तर कारण न विचारता परतावा. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खेळलेला वेळ मोजला जातो, पूर्ण गेम आल्यावर नवे दोन तास मिळत नाहीत. डाउनलोड मोजत नाहीत, पण गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर ते मोजतात. चौघांनी एकदम घेऊ नका, आधी दोघांनी घ्या, १,७६० रुपये. दोघांनी रात्री नवाच्या पुढे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या वेळी सुरू करा. पहिली पंधरा मिनिटं ग्राफिक्सला. जीटीएक्स १६५० ला बहुतेक ४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) असतो आणि अर्ली अ‍ॅक्सेस गेम तेवढ्यात बसवायचं काम स्टुडिओ शेवटी करतात, तेव्हा टेक्श्चर मध्यमवर, शॅडो सगळ्यात कमी. रिकाम्या माळावर ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं) बघून खूश होऊ नका. चार भिंती बांधा, आग पेटवा, रात्र होऊ द्या, मग बघा. पुढचा तासभर एकत्र खेळा. मध्येच एकाने मुद्दाम बाहेर पडून परत यावं. सामान, घर, जागा तशीच आहे का? या गेमांत सेव्ह बिघडणं ही सगळ्यात मोठी तक्रार असते आणि ती तिथेच कळते. शंभर मिनिटांना थांबून ठरवा. परत करायचा असेल तर स्टीमच्या मदत पानावरून खरेदी निवडून परतावा मागा. मंजूर झाल्यावर साधारण आठवड्यात ज्या मार्गाने पैसे दिले तिथे किंवा स्टीम वॉलेटमध्ये येतात. आवडला तर बाकीच्या दोघांनी घ्यावा. गेमची ‘की’ (चालू करायचा कोड) विकणाऱ्या साइटवरून ती स्वस्तात घेतली तर स्टीमचा हा परतावा मिळत नाही. किकस्टार्टरमधून मिळालेल्या कीलाही नाही.

स्टीमवर रुपयांत, यूपीआयने पैसे देता येतात, तेव्हा तिथे वडिलांच्या कार्डाची गरजच नाही. किकस्टार्टरला लागेल. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात आणि मर्यादा लावता येते, ती ४ हजारांवर ठेवा. लक्षात घ्या, प्लेज करताना नाही तर मोहीम संपल्यावर पैसे कापतात, म्हणजे त्या दिवशी ते चालू हवं. नाकारलं गेलं तर दुरुस्तीला सात दिवस मिळतात. पैसे गेले की लगेच बंद करा. अनोळखी स्टुडिओच्या साइटवर कार्ड सेव्ह करू नका. परदेशी साइटवरून अनेकदा ओटीपी न विचारताही पैसे जातात. आणि मोबाइलवर मेसेज वडिलांना जाणार, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

राहिला मित्राचा ५० डॉलरचा पॅक. सहाच दिवस झालेत, म्हणजे आजच हालचाल करा. स्टुडिओच्या अटींमध्ये परताव्याचं कलम शोधा, ते बहुधा १४ किंवा ३० दिवसांचं असतं आणि पॅकमधली वस्तू वापरली की संपतं. त्यामुळे गेममध्ये लॉगिन करून काही ‘क्लेम’ केलं नसेल तर हात लावू नका. त्यांच्या सपोर्टच्या पत्त्यावर लेखी मागणी टाका: ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम, ‘पॅक वापरलेला नाही, परतावा हवा’, एवढंच. डिस्कॉर्डवर मॉडरेटरशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. तिकिटाचा नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा कलम असूनही नकार आला, तरच बँकेकडे डिस्प्यूट (व्यवहारावर हरकत) नोंदवा, तोच स्क्रीनशॉट जोडून. पेपॅलने दिले असतील आणि ती क्राउडफंडिंगची मोहीम असेल तर पेपॅलचं खरेदीदार संरक्षण तिथे लागू होत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा तो फसवणूक असेल तर, म्हणजे साइटच खोटी निघाली किंवा कार्डातून जास्त पैसे गेले तर. गेमला उशीर झाला म्हणून नाही. ग्राहक आयोगात सांगलीतूनही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण भारतात ऑफिस नसलेल्या स्टुडिओवर तो आदेश बजावणार कोण? तेव्हा भरवसा त्या पहिल्या मेलवरच ठेवा, आणि तो मित्राने त्याच्या ऑर्डरच्या मेल आयडीवरूनच पाठवावा, दुसऱ्या आयडीवरून आलेली मागणी ते बघतही नाहीत.